पनवेलच्या हवेतलं घर्षण

कमल,

परवा कॉलेजच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. प्राचार्य बोलले, संस्थेचे सचिव बोलले, तुझ्या मेकॅनिकल विभागातले दोघंतिघं बोलले. जन्म, शिक्षण, शोधनिबंध, विद्यार्थी, सगळं व्यवस्थित वाचून झालं. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. पण बोलायला उठलेला प्रत्येकजण म्हणत होता की घरत मॅडम अत्यंत नम्र होत्या. मला मान खाली घालून बसावं लागलं. शोकसभेत हसणं बरं दिसत नाही.

तू नम्र नव्हतीस. तुला जिंकायला आवडायचं आणि जिंकल्यावर तू ते लपवायची नाहीस. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी जरा मोठी दिली तरी स्टाफरूममध्ये येऊन सांगायचीस. कॅरममध्ये राणी घेतलीस की ती दिवसभर पर्समध्ये घेऊन फिरायचीस, म्हणजे दुसऱ्या कुणाला खेळता येऊ नये. सभेत हे सांगावंसं वाटत होतं. पण तिथे अगरबत्ती लावलेली होती, तुझा हार घातलेला फोटो होता आणि फोटोत तू खरंच नम्र दिसत होतीस.

म्हणून इथे लिहिते आहे.

आपण दोघी एकाच जुलैत या कॉलेजात लागलो. तू गव्हाणची, मिठागरवाल्या आगरी घरातली, मशीन डिझाइन शिकवायला आलेली. मी जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातली, इंग्रजीत एम.ए. केलेली. मुलांना अर्ज कसा लिहावा आणि मुलाखतीत कसं बोलावं हे शिकवायला मला घेतलं होतं. सगळ्या इंजिनीअरांत मी एकटीच अशी, जिला नटबोल्टमधला नट कुठला हे सांगता आलं नसतं. पहिल्या आठवड्यातच तू माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिलीस, हातातले कागद पुढे केलेस आणि म्हणालीस की यातलं इंग्रजी तपासून दे, पण अर्थाला हात लावू नकोस.

मी म्हटलं, अर्थ कळल्याशिवाय इंग्रजी तपासता येत नाही.

तू खुर्ची ओढलीस. मग कँटीनमधले दोन चहा गार होईपर्यंत मला घर्षण समजावून सांगितलंस. कपाट ढकलताना जे आड येतं ते घर्षण, हे मला शाळेपासून माहीत होतं. तू म्हणालीस की ते मोठ्या वस्तूंचं घर्षण, त्याचे नियम केव्हाच लिहून झालेत. पण कपाट लहान लहान करत गेलो, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान, इतकं की त्याच्या तळाचे अणू मोजता यावेत, तर ते नियम तिथे लागू पडत नाहीत. तिथे वजनापेक्षा चिकटणं मोठं असतं. तिथे तेल घालून भागत नाही, कारण तेलाचा एक थेंब म्हणजे त्या जगात पूर. आणि माणूस आता इतकी लहान यंत्रं करायला लागलाय की ती न अडकता हलायची कशी हा प्रश्न कुणीतरी सोडवायलाच हवा.

मी विचारलं, ते कुणीतरी म्हणजे तू का?

"मग कोण?" तू म्हणालीस. अगदी सरळ.

तुला खोली मिळाली ती तळमजल्यावरची, मागच्या बाजूची, जुन्या बाकांच्या अडगळीची. वरचे मजले तुला नकोच होते, तिथे चालणाऱ्यांच्या पावलांनीही जमीन हलते म्हणायचीस. अनुदानासाठी तू किती खेटे घातलेस ते मी पाहिलंय. शेवटी ते यंत्र आलं, दुसऱ्या एका संस्थेने वापरून झालेलं. त्यात एक सुई. तिचं टोक इतकं बारीक की ते डोळ्यांना दिसतच नाही. ती एका इवल्याशा पट्टीला लावलेली. सुई सिलिकॉनच्या चकतीवरून ओढायची, पट्टी किंचित पिळवटते, आणि ती किती पिळवटली ते तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या तिरिपीवरून मोजायचं. झालं, हेच तुझं काम. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं की हे चालू कधी होणार. तेव्हा ते चालूच होतं.

बाहेर हायवेवरून कंटेनर जायचे आणि तुझी सुई थरथरायची. तू काय केलंस? कडप्प्याची मोठी लादी आणलीस, तिच्याखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूब ठेवल्यास आणि त्यावर यंत्र बसवलंस. पुढे तिकडे विमानतळासाठी डोंगर फोडायला लागले. सुरुंग उडाले की तुमच्या गव्हाणच्या घरातली भांडी वाजायची. तेव्हा तू सुरुंगांच्या वेळा विचारून घेतल्यास आणि आपल्या प्रयोगाचं वेळापत्रक त्याप्रमाणे लावलंस. कंपनाचा प्रश्न तू असा मिटवलास. हवेचा मिटला नाही.

जगभर लोक असले प्रयोग कोरड्या हवेत करतात. बंद पेटी, आत कोरडा नायट्रोजन. तुझ्याकडेही पेटी होती, पण सिलिंडर वेळेवर यायचे नाहीत आणि पावसाळ्यात त्या खोलीतल्या भिंतींनाही घाम फुटायचा. तरी तू मोजत राहिलीस. हवेतल्या वाफेने घर्षण वाढतं हे माहीत होतं. ती वाफ सुईच्या टोकाशी जमते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवते. तुझ्या आलेखातही ते वाढायचं. पण हवा आणखी दमट झाली की तेच घर्षण झपकन खाली यायचं, कोरड्या हवेत असतं त्याच्याही खाली. तू आधी यंत्रावर संशय घेतलास, मग सुईवर, मग स्वतःवर. सुया बदलल्यास. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मोजलंस, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. आलेख तसाच.

मग तू तो निबंध लिहिलास, आणि आपलं पहिलं मोठं भांडण झालं. दुसऱ्याच परिच्छेदात तू लिहिलं होतंस की ही मोजमापं पनवेल येथे जुलै महिन्यात घेतली. मी ते वाक्य खोडलं. म्हटलं, कुणी विचारलंय गाव आणि महिना? वाचणाऱ्याला वाटेल तू सहलीचं वर्णन लिहितेयस. तू माझ्या हातातलं पेन काढून घेतलंस आणि ते वाक्य पुन्हा लिहिलंस. म्हणालीस, "नसीम, तेच तर मोजलंय."

निबंध परत आला. चकती अस्वच्छ असावी, अशा जागी अशी मोजमापं विश्वासार्ह होऊ शकत नाहीत, असा शेरा. दुसरीकडे पाठवलास, तिथूनही आला. मी वाक्यं घासूनपुसून देत होते, तू पाठवत होतीस. तेव्हाचे प्राचार्य तुला बोलावून म्हणाले की मॅडम, परीक्षा विभागाला जागा हवीय, या वर्षअखेर ती खोली मोकळी करून द्या, तुम्हाला शिकवण्याचं काम आहेच. तू खोलीवर येऊन सुईवर झाकण बसवलंस आणि त्या दिवशी ते पुन्हा काढलं नाहीस. 

त्याच हिवाळ्यात पुण्याला परिषद होती. मी तुझ्याबरोबर आले, कारण परीक्षा विभागाला माझीही गरज नव्हती. तू आलेख दाखवलास. पहिल्या रांगेतून राघवन सर उठले. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेचे, या विषयात ज्यांचा शब्द चालतो असे. ते अगदी सभ्यपणे म्हणाले की बाईंचा आलेख सुंदर आहे, फक्त तो घर्षणाचा नाही, पनवेलच्या हवामानाचा आहे. सभागृह हसलं. तू मात्र त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलंस, आणि मग माईक तोंडाजवळ घेतलास.

"मग सर, पनवेलला या. तुमची चकती आणा, तुमची सुई आणा. हवा आमची."

पुन्हा सभागृह हसलं, पण आता वेगळं हसलं. आणि राघवन सरांबद्दल माझ्या मनात आदर आहे तो इथूनच, कारण ते हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, तुमच्याकडे सगळ्यात दमट महिना कुठला?

ते ऑगस्टमध्ये आले. ते येणार म्हटल्यावर प्राचार्यांनी परीक्षा विभागाला थांबायला सांगितलं आणि खोलीच्या दाराला रंग लावून घेतला. तू चिडलीस, रंगाच्या वासाने मोजमाप बिघडेल म्हणून, आणि प्राचार्यांसमोर दोन्ही पंखे लावून दार सताड उघडं टाकलंस. तुझी आईही त्या दिवशी गव्हाणहून आली होती. तुझे यजमान अनंतभाऊ, उरणच्या बंदरात नोकरीला असलेले, तिला मोटरसायकलवरून सोडून गेले. आईला बघायचं होतं की एवढी वर्षं पोरगी दार लावून आत करते काय. तू तिला कोपऱ्यात खुर्ची दिलीस आणि बजावलंस की हलायचं नाही. ती हलली नाही.

राघवन सरांनी चकती बंद डबीत आणली होती, हातमोजेही स्वतःचे. तू यंत्रापासून बाजूला झालीस. आधी पेटीत कोरडा नायट्रोजन भरला. त्यांनी मोजलं. त्यांच्या संस्थेत यायचा तोच आकडा आला. म्हणजे यंत्र ठीक होतं. त्यांनी मान डोलावली. मग तू पेटीची झडप उघडलीस आणि बाहेरची हवा आत सोडलीस. आकडा वाढायला लागला. ते म्हणाले, हे अपेक्षित आहे. तू म्हणालीस, थांबा. मी पडद्याकडे पाहत होते, कारण त्यांच्या तोंडाकडे पाहायची हिंमत होत नव्हती. आकडा वाढला, रेंगाळला, आणि मग खाली यायला लागला.

त्यांनी सुई बदलली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तसंच. मग त्यांनी नम्रपणे सांगितलं की सगळ्यांनी बाहेर जा, मला एकट्याला करू द्या. आपण तिघी व्हरांड्यात येऊन उभ्या राहिलो. तुझी आई म्हणाली, "क्या जाला? त्या बाबाचा इस्वास नाय का तुज्यावर?"

तू म्हणालीस, आई, त्यांचं कामच ते. त्यांनी विश्वास ठेवायचा नसतो.

ते दार उघडून बाहेर आले तेव्हा आई पुढे झाली. तू अडवायच्या आत तिने त्यांना सांगून टाकलं, "माजी पोर खोटा नाय बोलायची. ल्हानपनी खोटा बोलली का तिचा कान लाल व्हयाचा." त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, अर्थ विचारला. तू इंग्रजीत सांगितलास, आणि सांगताना तुझे दोन्ही कान लाल झाले होते, ते मी पाहिलं. राघवन सर आईसमोर हात जोडून उभे राहिले आणि मग तुला म्हणाले, "मॅडम, मी चुकलो होतो. हे हवामान नाही, घर्षणच आहे."

इंग्रजीत म्हणाले, पण आईला कळलं. आईने डोळ्यांना पदर लावला. तू लावला नाहीस. तू त्यांना विचारलंस की हे वाक्य प्राचार्यांसमोर पुन्हा म्हणाल का. ते म्हणाले. संध्याकाळी सगळ्या कॉलेजसमोर, परवा तुझी शोकसभा झाली त्याच सभागृहात, त्यांनी सांगितलं की आम्ही सगळे कोरड्या पेटीत मोजत होतो आणि यंत्रं मात्र ओल्या जगात चालणार आहेत, हे आम्हाला इथे येऊन समजलं. मग तू काय केलंस ते माझ्याखेरीज कुणाला आठवत नसणार. तू ऑफिसात गेलीस, लायब्ररीत गेलीस, कँटीनमध्ये, गेटवरच्या वॉचमनकडे, आणि प्रत्येकाला स्वतः सांगितलंस की मी बरोबर होते. वॉचमनने विचारलं कशात. तू त्यालाही समजावून सांगितलंस. मग जलेबीचा पुडा आणलास आणि पहिली जलेबी परीक्षा विभागात नेऊन दिलीस.

नम्र म्हणे.

त्यानंतरचं लोकांना माहीत आहे. राघवन सरांच्या संस्थेने तोच प्रयोग करून पाहिला, मग परदेशात दोन ठिकाणी झाला. तुझा निबंध छापून आला तो पनवेल आणि जुलैसकट. ती खोली पुन्हा कुणी मागितली नाही. उलट शेजारची मिळाली. लहान लहान हलत्या भागांची यंत्रं करणारे लोक तुला विचारायला यायला लागले की आमचा भाग मुंबईत अडकतो आणि दिल्लीत चालतो, असं का? तू त्यांना आधी हवेबद्दल विचारायचीस. परदेशातल्या मोठ्या सभेत तुला बोलायला बोलावलं तेव्हा तू पडद्यावर पहिलं चित्र लावलंस ते स्कूटरच्या ट्यूबवर ठेवलेल्या कडप्प्याचं. मी म्हटलं होतं की लोक हसतील. परत आल्यावर तू सांगितलंस की हसले, आणि मग उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि कितीतरी वेळ वाजवल्या. किती वेळ, हेही तू वाढवून सांगितलंस, याबद्दल मला आजही शंका नाही.

एक वाद मात्र आपला कधीच मिटला नाही. त्याच सुमारास राघवन सरांनी तुला त्यांच्या संस्थेत बोलावलं होतं. प्रशस्त प्रयोगशाळा, शिकवण्याचा बोजा कमी, हवी ती यंत्रं. मी म्हटलं जा. तू म्हणालीस, तिथली हवा कोरडी. मी म्हटलं, तिथे हवी तशी हवा पेटीत करून मिळते, तुला माहीत आहे. तू म्हणालीस की इथे गव्हाण, उरण, बेलपाड्याच्या ज्या मुली येतात त्या तिथे कशा येतील? मी म्हटलं की तू त्यांच्यासाठी नाही, स्वतःच्या हट्टासाठी राहतेयस. तू म्हणालीस, दोन्ही. हे आपण दरवर्षी भांडलो, कधी माझ्या घरी शीरखुर्म्याच्या वाटीवर, कधी तुझ्याकडे तांदळाच्या भाकरीवर. मला अजूनही वाटतं, तू जायला हवं होतंस. तू तिथे आणखी मोठी झाली असतीस. आणि मला हेही ठाऊक आहे की तू गेली असतीस तर इथल्या माझ्या नोकरीला काही चव राहिली नसती. हे दुसरं वाक्य मी भांडताना कधी उच्चारलं नाही. तू ताबडतोब जिंकली असतीस.

आणखी एक गोष्ट बोलायची राहिली. माझे मियाँ गेले तेव्हा मी इद्दतचे दिवस घरात होते. कुणाला भेटायचं नाही, बाहेर जायचं नाही, आणि खरं सांगायचं तर उठायचंही मन नव्हतं. तू एक दिवस आड संध्याकाळी यायचीस, पिशवीत कागद घेऊन. म्हणायचीस, निबंध अडलाय, तुझ्याशिवाय जाणार नाही. मी तपासायचे. चुका तरी किती, प्रत्येक ओळीत. कुठे क्रियापद चुकलेलं, कुठे वाक्यच लंगडं. मी चिडायचे, तू गप्प ऐकून घ्यायचीस, अम्मी चहा आणायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की अशा चुका करणं तू केव्हाच सोडून दिलं होतंस. मी तुला विचारलं नाही. लाल शाईने दुरुस्त करत राहिले, आणि पुढच्या खेपेला तू नव्या घेऊन आलीस. त्या दिवसांत मला पुन्हा उठून बसवलं ते तुझ्या त्या चुकांनी, कमल. शुक्रिया म्हणायचं राहून गेलं. म्हटलं असतं तर तू काहीतरी वात्रट बोलली असतीस आणि दोघींना बरं वाटलं असतं.

मराठी पुस्तकाचंही तसंच राहिलं. मीच तुझ्या मागे लागले होते की हे सगळं मराठीत लिही, माझ्यासारखीला कळेल असं. तू दोन प्रकरणं लिहिलीस आणि एका शब्दावर अडून बसलीस. घर्षण जवळजवळ नाहीसं होतं त्या अवस्थेला काय म्हणायचं? परिभाषेच्या यादीतून मी 'अतिस्निग्धता' काढून दिला. तू म्हणालीस की हे केसांच्या तेलाचं नाव वाटतं. मी 'निसटपण' सुचवलं. तू म्हणालीस, मुलं परीक्षेतून निसटतील. हे भांडण हॉस्पिटलपर्यंत पोचलं. तू आजारी पडलीस आणि फार वेगाने आजारी पडलीस. कुणाला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. अनंतभाऊ खाटेशी बसून तुझे पाय दाबत होते आणि आपण शब्दांवरून वाद घालत होतो. नर्सला वाटलं आपलं काही कौटुंबिक चाललंय. अनंतभाऊ तिला म्हणाले, कौटुंबिकच आहे.

तिथे तू एकदा मला विचारलंस की पल्लवीची तोंडी परीक्षा कधी आहे. पल्लवी म्हणजे बेलपाड्याची, तुझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तारीख सांगितली. तू मनातल्या मनात काहीतरी हिशेब केलास आणि म्हणालीस, पुढे ढकलू देऊ नकोस. काहीही झालं तरी. माझ्याकडून तसं कबूल करून घेतलंस.

तू गेलीस. गव्हाणला खाडीवर तुझे दिवस झाले. मी आले होते. तुझ्या आईने मला जवळ बसवून घेतलं. पल्लवीही तिथे होती, रडून डोळे सुजलेले. ती मला म्हणाली की परीक्षा पुढे ढकलूया, मला उभंच राहवणार नाही. मी तिला सांगितलं की मला परवानगी नाही.

ती परीक्षा काल झाली. बाहेरचे परीक्षक राघवन सर होते. आता थकलेत, काठी घेऊन चालतात. पल्लवी आकाशी साडी नेसून आली होती, पहिली दोन वाक्यं बोलताना आवाज कापला, मग नाही. प्रबंध मला अर्धाअधिक समजत होता, तो मीच तपासला होता. पण शेवटचं प्रकरण माझ्याकडे आलं नव्हतं; वेळ नव्हता म्हणून तुम्ही दोघींनीच ते पूर्ण केलंत असं मला सांगितलं होतं.

त्या प्रकरणाला पल्लवी आली आणि राघवन सर खुर्चीत पुढे सरकले. दमट हवेत घर्षण खाली का येतं याचं तू दिलेलं कारण सगळ्यांना पाठ आहे: पाण्याचा काही रेणूंइतका जाड थर नीट रचला जातो आणि सुईला अंगावरून वाहून नेतो. पल्लवीने सुई फार सावकाश, तुझ्याहून कितीतरी सावकाश ओढून पाहिली होती. त्या संथ गतीला तसा रचलेला थर सापडतच नाही आणि घर्षण तरीही खाली येतं. म्हणजे तुझा आलेख खरा, पण तुझं कारण अपुरं. हे तिने आकड्यांनिशी मांडलं. तुझे सगळे सहकारी तिथे बसले होते. कुणीतरी खोकलं.

राघवन सरांनी विचारलं, "तुझ्या मार्गदर्शकांचं सगळ्यात प्रसिद्ध स्पष्टीकरण तू खोडून काढते आहेस. त्यांना हे माहीत होतं?"

पल्लवी म्हणाली, "हो सर. त्यांनीच दोन वेळा मोजून पाहिलं. नंतर मॅडम म्हणाल्या, हे प्रकरण शेवटी ठेव, आणि जोरात वाच."

राघवन सर काठी टेकून उभे राहिले, आणि ते उभे राहिले म्हणून सगळे राहिले. पल्लवीने समोरचे कागद सारखे केले आणि पुढचा आलेख पडद्यावर लावला.